पिर्ग्याहून माघारी

आमच्या बेळगावातल्या मराठी ख्रिस्ती घरांत मार्क नावाची मुलं पुष्कळ. पौल आहेत, सायलस आहेत, तिमथी आहेत. देमास मात्र मला उभ्या आयुष्यात एकही भेटलेला नाही. कारण उघड आहे. बायबलच्या नव्या करारात हा देमास प्रेषित पौलाला सोडून गेला आणि पौलाने ते पत्रात लिहून ठेवलं. पण सोडून तर मार्कही गेला होता, आणि देमासच्या कितीतरी आधी. पुढे त्याच्या नावाचं शुभवर्तमान आलं म्हणून आपण ते पोटात घातलं.

मी सेमिनरीत शिकलेली नाही. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत नोकरी केली, निवृत्त झाल्यावर टिळकवाडीत राहायला आले, आणि आता मंडळीतल्या बायकांचा बुधवारचा शास्त्राभ्यास घेते. गेल्या पावसाळ्यात आम्ही नव्या करारातली ‘प्रेषितांची कृत्ये’ वाचायला घेतली. तेराव्या अध्यायाच्या तेराव्या वचनाशी आलो आणि तिथेच अडकलो. पौल आणि त्याचे सोबती सायप्रस बेटावरच्या पफेहून गलबताने पंफुल्यातल्या पिर्गा इथे आले, आणि योहान, म्हणजे आपला मार्क, त्यांना सोडून यरुशलेमला परत गेला. बस्स, एवढंच. का गेला, जाताना काय म्हणाला, हे पुस्तक लिहिणारा लूक एका अक्षराने सांगत नाही.

लूक सांगत नाही म्हटल्यावर आमच्या बायकांनी सांगायला सुरुवात केली. एक जण सावंतवाडीकडची, लग्न होऊन इकडे आलेली. ती म्हणाली, “ताप आला असणार बघा त्याला. किनाऱ्याची हवा होती ना?” दुसरी म्हणाली, “आईचा लाडका होता, आठवण आली असेल.” तिसरी जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आपल्या माणसाचं नाव मागं पडायलं की राग येतोच की हो, बाई.”

घरी येऊन मी एकेक ताडून पाहिलं, तर तिघींच्याही बोलण्याला आधार निघाला. पिर्गा आजच्या तुर्कस्तानात, अंताल्या शहराजवळ. सखल, उष्ण, दमट मुलूख. तिथून पुढे टॉरस पर्वत ओलांडून पिसिदियातल्या अंत्युखियाला जायचं, म्हणजे दीडशे किलोमीटरच्या आसपास वाट आणि गाव समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच. सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढून बेळगावला पायी यायचं म्हटलं तर थोडी कल्पना येईल, पण आपल्या घाटाच्या वर ओळखीची माणसं असतात. त्यांच्या पुढे होत्या पुराच्या नद्या आणि वाटमारे. पौलाने पुढे करिंथकरांना लिहिताना नद्यांची संकटं आणि लुटारूंची संकटं शेजारीशेजारी मोजली आहेत. आणि गलतीकरांना तो लिहितो की मी तुमच्याकडे पहिल्यांदा सुवार्ता सांगितली ती आजारपणामुळे. विल्यम रॅम्से नावाच्या विद्वानाने आशिया मायनरचा तो मुलूख पिंजून काढला होता. त्याचा तर्क असा की पौलाला पंफुल्याच्या किनाऱ्यावर हिवताप जडला आणि म्हणून ते उंचावर गेले. तापाने फणफणलेला पुढारी डोंगर चढायचा म्हणतोय आणि बरोबरचा तरुण त्याच्याकडे बघतोय, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे येतं.

आईचंही खरंच. यरुशलेमात मार्कच्या आईचं, मरियेचं, घर मोठं होतं. रात्री पुष्कळ माणसं तिथे प्रार्थनेला जमायची. दारावर कोण आलंय ते बघायला रुदा नावाची मुलगी होती. पेत्र तुरुंगातून सुटून आला तो सरळ याच घरी. अशा घरातला मुलगा.

आणि नावाचं तर मला आधी कधी सुचलंच नव्हतं. निघाले तेव्हा ‘बर्णबा व शौल’ असा क्रम होता, शौल म्हणजे पौलच. बर्णबा मार्कचा भाऊबंद, आणि कुप्र बेट, आजचं सायप्रस, हे बर्णबाचंच गाव. तिथला रोमी सुभेदार सिर्ग्य पौल याने विश्वास ठेवला आणि नेमक्या त्या प्रसंगापासून लूक ‘पौल व त्याचे सोबती’ असं लिहायला लागतो. मार्क परत फिरला ते त्याच वचनात. शिकलेल्या टीकाकारांनीही हे हेरलंय, पण सहा जावांच्या घरात आयुष्य गेलेल्या बाईला ते पुस्तकाशिवाय कळलं.

मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. काम हरलं म्हणून मार्क गेला नाही. कुप्रातलं काम यशस्वी झालं होतं, सुभेदारापर्यंत पोचलं होतं. पुढचा चढ दिसला तेव्हा तो गेला.

हे सगळं मी इतकं मनावर घेतलं त्याला घरचं कारण आहे. माझ्या भावाचा मुलगा सुवार्तिक म्हणून रायबागच्या पुढच्या एका खेड्यात गेला होता. त्याचं नाव लिहीत नाही, तेवढं त्याने मागून घेतलंय. हे लिहायला मात्र त्याची हरकत नाही. आमची बेळगावची मुलं कानडी बोलतात म्हणजे बाजारापुरतं बोलतात. बस, रेशन, भाजी, क्रिकेट, सगळं निभतं. तिकडे कृष्णेकाठी उसाच्या पट्ट्यात अख्खा दिवस कानडी. सुरुवातीला त्याला अडचण वाटली नाही. मुलांना गाणी शिकवली, एकाच्या पेन्शनचा अर्ज भरून दिला, लोक ‘बर्री, बर्री’ म्हणून घरात बोलवायला लागले.

मग एका रात्री एका घरातून बोलावणं आलं. अज्जी मरणपंथाला लागली होती. सुनेने कंदिलासारखा मोबाइल धरला होता, कारण लाइट गेलेले. म्हातारीने याचा हात धरला आणि काहीतरी विचारलं. शब्द सुटे सुटे कळत होते. पण म्हातारीचं बोळकं तोंड, तिकडची बोली, आणि धाप. तिला काय हवंय ते त्याला उमगेना. सुनेला विचारायचं तर ती रडत होती. शेवटी आपल्याला जे पाठ होतं तेच त्याने म्हटलं, ‘परलोकदल्लिरुव नम्म तंदेये’, प्रभूची प्रार्थना, आमच्याकडच्या कानडी उपासनेत लहानपणापासून ऐकलेली. अज्जीने डोळे मिटून ऐकलं. मग डोळे उघडले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. पहाटे ती गेली.

त्यानंतर काही आठवड्यांनी तो एक बॅग आणि प्लास्टिकची बादली घेऊन बेळगावच्या स्टँडवर उतरला. घरात कुणी काही बोललं नाही. पण रविवारी उपासनेनंतर व्हरांड्यात मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ त्याच्या आईसमोरच म्हणाले, “पळून आला की शेवटी.” माझी भावजय तेव्हापासून पहिल्या बाकावर बसत नाही.

तो मला एवढंच म्हणाला, “आत्या, देवानं मला बोलावलंच नव्हतं की काय, असं वाटायलंय. ती काय विचारायली होती ते मला अजून कळलेलं नाही.”

मी तेव्हा त्याला काही शहाणपणाचं उत्तर दिलं नाही, माझ्याकडे नव्हतंच. पण परतलेल्या माणसांच्या मागे लागले. आपल्या चर्चच्या इतिहासात ती शोधावी लागतात. राहिलेल्यांच्या नावाने शाळा असतात, भिंतीवर संगमरवरी पाट्या असतात. जो बोटीत बसून परत गेला त्याची पाटी कोण लावणार?

मुंबईत अमेरिकन मराठी मिशनचे पहिले दोघे १८१३ च्या फेब्रुवारीत उतरले, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट. कंपनी सरकारने त्यांना देशाबाहेर काढायचा हुकूम दिला होता. ते निसटून कोचीनपर्यंत गेले, तिथून धरून परत आणले गेले, आणि बऱ्याच अर्जविनंत्यांनंतर गव्हर्नर नेपियन यांनी राहू दिलं. एवढ्या खटपटीनंतर नॉट १८१५ मध्ये आजारपणामुळे मायदेशी परतले. हॉल राहिले. १८२६ च्या मार्चमध्ये नाशिकच्या बाजूला दौऱ्यावर असताना पटकीच्या साथीत लोकांना औषध देत फिरले, आणि परतीच्या वाटेवर त्याच पटकीने गेले. वय ४१. हॉल यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं. नॉट मॅसॅच्युसेट्समधल्या वेअरहॅम गावी पाळक झाले आणि १८६९ पर्यंत जगले. त्या आयुष्याला अपयश म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आजारी शरीराने एकाला परत नेलं आणि दुसऱ्याला वाटेत गाठलं. यात एक शूर आणि दुसरा भित्रा असा हिशेब मला लागत नाही.

सगळ्यात जास्त जीव अडकला तो डॉ. जॉन थॉमस यांच्यात. इंग्रज मिशनरी विल्यम केरी यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. मराठी माणसाने तर ते विसरूच नये, कारण वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८०५ मध्ये मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी कोश त्यांनी काढला, तोही महाराष्ट्रात कधी पाऊल न टाकता. पण केरी यांना बंगालात घेऊन आले ते थॉमस. जहाजावरचे सर्जन, आधी बंगालात राहून गेलेले, मनाने मोठे, आणि पैशाच्या बाबतीत अगदीच कच्चे. १७९३ च्या नोव्हेंबरात दोन्ही कुटुंबं उतरली, आणि जवळचा पैसा बघता बघता संपला. केरी बायकामुलांना घेऊन सुंदरबनाच्या कडेला गेले, मग मदनाबाटीला निळीच्या कारखान्यावर नोकरीला लागले. पाच वर्षांचा मुलगा पीटर १७९४ मध्ये आजारपणात गेला. केरींच्या पत्नी डोरोथीबाईंचं मन बिघडलं ते १८०७ मध्ये त्यांच्या मरणापर्यंत सुधारलं नाही. या बाईंना कुणी विचारलं होतं का, असा प्रश्न आमच्या बुधवारच्या बायका दर वेळी विचारतात, आणि विचारायलाच हवा. सात वर्षांत एकाही हिंदी माणसाचा बाप्तिस्मा झाला नाही.

मग १८०० साली बंगालातल्या श्रीरामपुरात कृष्ण पाल नावाच्या सुताराचा हात खांद्यातून निखळला. हात बसवायला गेले ते थॉमस. कर्जात बुडालेले, कधी मिशनमध्ये तर कधी स्वतःच्या धंद्यात, कुठेच धड न टिकलेले थॉमस. हात बसवता बसवता ते त्या सुताराशी बोलले, आणि त्या बोलण्यातून पुढचं सगळं घडलं. २८ डिसेंबर १८०० ला केरी यांनी हुगळीच्या पाण्यात कृष्ण पाल यांना बाप्तिस्मा दिला. थॉमस ते बघायला काठावर नव्हते. इतक्या वर्षांनी मागणं पुरं झाल्याचा आनंद त्यांच्या मनाला झेपला नाही, त्यांचा तोल गेला होता आणि त्यांना खोलीत कोंडून ठेवावं लागलं होतं. पुढच्याच वर्षी ते वारले. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिले होते. मिशनच्या पगारपत्रकात ज्याला कुणी शेरा चांगला दिला नसता, त्याच्याच हातून पहिलं माणूस आलं.

आमच्या गावाचंही सांगते. बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला आणि दोनच वर्षांनी, १८२० मध्ये, लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बेल्लारीहून इथे आले. मागून विल्यम बेनन आले. आज बेनन स्मिथ शाळेसमोरून जाणाऱ्या मुलांना ते नाव तोंडपाठ असतं, माणूस ठाऊक नसतो. टेलर आले तेव्हा बाबा पद्मनजी जन्मलेही नव्हते. त्यांचा जन्म १८३१ चा, इथलाच. इथल्या मिशन शाळेत शिकले, मुंबईला गेले, वर्षानुवर्षं ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यात हेलपाटे घालत राहिले, आणि १८५४ मध्ये बेळगावात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तीन वर्षांनी त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिलं, ज्याला आज मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात. ज्या मास्तरांनी त्या पोराला बाकावर बसवून अक्षरं शिकवली, त्यांच्या त्या वर्षीच्या अहवालात काय लिहिलं असेल? पट इतका, हजेरी इतकी, बाप्तिस्मे शून्य. मीही शाळेचे असले तक्ते आयुष्यभर भरले आहेत, त्यात पुढच्या वीस वर्षांचा रकाना नसतो.

आणि एवढं करून लंडनवाल्यांनी १९०४ मध्ये बेळगावचं काम अमेरिकन मेथडिस्टांच्या हाती दिलं. ८४ वर्षांचं काम दुसऱ्याच्या ओंजळीत. आमची मंडळी त्या दुसऱ्या ओंजळीतली आहे.

परत मार्ककडे येते, कारण खरी गोष्ट पिर्ग्यात घडत नाही, ती पंधराव्या अध्यायात घडते. पौल आणि बर्णबा दुसऱ्यांदा निघायचं ठरवतात. बर्णबा म्हणतो, मार्कला घेऊ. पौल म्हणतो, मधेच सोडून गेलेल्याला मुळीच नको. आणि ही दोन देवमाणसं इतकी भांडतात की वाटा वेगळ्या होतात. मला पौलाचाही राग येत नाही. मार्क गेल्यानंतर लुस्त्रात लोकांनी पौलाला दगडांनी ठेचून, मेला समजून गावाबाहेर ओढत टाकलं होतं. अंगावर वळ असलेल्या माणसाने ‘भरवशाचा गडी हवा’ म्हटलं तर त्यात वावगं काय? पण बर्णबा आठवतो मला तो नवव्या अध्यायातला. शौलाचा पौल होत होता तेव्हा यरुशलेमातले शिष्य त्याला भिऊन जवळ करेनात. त्याचा हात धरून प्रेषितांपुढे नेला तो याच बर्णबाने. त्याने पौलासाठी जे केलं तेच तो मार्कसाठी करू बघत होता.

बर्णबाने आणखी एक केलं, जे आमच्या बुधवारी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं आणि माझ्याही उशिरा आलं. त्याने मार्कला पुन्हा पिर्ग्याला नेलं नाही. कुप्राला नेलं. जिथे मार्क टिकला होता, जिथल्या वाटा त्याच्या पायाखालच्या होत्या, तिथे. यानंतर ‘कृत्यां’त बर्णबाचं नाव येत नाही. मार्कचं नाव मात्र पत्रांतून पुन्हा वर येतं. कलस्सैकरांना पौल लिहितो, मार्क आला तर त्याचं स्वागत करा. म्हणजे तेव्हाही कुणाच्या तरी मनात अढी होती, नाहीतर सांगावं का लागलं असतं? आणि परंपरेने शेवटचं मानतात त्या तिमथीच्या पत्रात तुरुंगातला पौल म्हणतो, मार्कला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. मधे दहा-पंधरा वर्षं गेली होती.

आता देमास. तिमथीच्या पत्रातलं मार्कचं ते वचन अकरावं आहे, आणि दहाव्यात देमास सोडून गेल्याचं आहे. फिलेमोनाच्या पत्रात हे दोघे एकाच ओळीत सहकारी म्हणून आहेत, मार्क आणि देमास. पौल म्हणतो, देमासला ऐहिक सुख प्रिय झालं, तो थेस्सलनीकेस गेला. पौल तेव्हा थंडीत झगा मागत होता, जवळ एकटा लूक होता, त्याचं दुःख मला समजतं. पण देमासची बाजू कुणी लिहिली नाही. थेस्सलनीकेत त्याची म्हातारी आई होती का, तिथे त्याला कुणी बर्णबा भेटला का, काही कळत नाही. मार्कचा निकाल लागायला इतकी वर्षं लागली, मग देमासचा एका वचनात कसा लावायचा? मी तरी लावणार नाही.

भाचा आता उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये मशीनवर आहे. त्याच्या शेजारच्या मशीनवर चिकोडीकडचे एक लिंगायत गृहस्थ आहेत. जेवणाच्या सुट्टीत ते याचं कानडी नीट करतात, चुकलं की डबा बाजूला ठेवून पुन्हा म्हणायला लावतात. आमच्या मंडळीतल्या एक निवृत्त सिस्टर रविवारी दुपारी त्याला दवाखान्यात घेऊन जातात. तालुक्यांतून आलेले पेशंट असतात, नातेवाईक खालच्या मजल्यावर रांगेत, इथे कॉटजवळ कुणी नसतं. हा बसतो, पाणी देतो, ऐकतो. न कळलेलं पुन्हा विचारतो. “एन अंद्री?”, काय म्हणालात, एवढं विचारायचं धाडस त्या रात्री झालं नव्हतं, असं तो म्हणतो. पुन्हा सुवार्तिक म्हणून जाणार का, हे मी विचारलेलं नाही आणि घरातही कुणाला विचारू देत नाही.

गेल्या महिन्यात मंडळीच्या कमिटीपुढे मी दोन मागण्या लेखी दिल्या. इथून कानडी गावांत कुणालाही पाठवायचं असेल तर आधी सहा महिने पगार देऊन त्याला फक्त भाषा शिकू द्यावी, आणि एकट्याला पाठवू नये, दोघांना पाठवावं. दुसरी मागणी अशी की जो परत येईल त्याला पहिल्याच रविवारी शास्त्रवाचनाला उभं करावं. पहिली मंजूर झाली. दुसरीवर पुढच्या बैठकीत चर्चा आहे, आणि व्हरांड्यातले ते गृहस्थही कमिटीत आहेत. मी कलस्सैकरांस पत्राचा चौथा अध्याय घेऊन जाणार आहे.